पिशवीवरचं नाव

काशम्माबाईंनी आयुष्यात एकच गोष्ट अगदी जीव ओतून लिहिली, आणि तीच नेमकी नडली.

बालवाडीच्या बाई त्या, अक्षर मोत्यासारखं. दुष्काळी कामं बंद पडली आणि अक्कलकोटकडून खडी फोडायला आलेल्या चौघीजणी सोलापुरातच अडकल्या, तेव्हा बाईंनी परसातली पत्र्याची शेड त्यांना दिली, चार चुली मांडून दिल्या आणि कडक भाकरीचा उद्योग काढला. नवी पेठेतल्या विरुपाक्षअण्णांनी आपल्या लुगड्यांच्या दुकानात एक फळी मोकळी करून दिली. पुड्यावर चिकटवायच्या कागदावर बाईंनी लिहिलं : 'दुष्काळाने पोळलेल्या निराधार भगिनींच्या हातची भाकरी. घ्या आणि पुण्य जोडा.'

पहिल्या आठवड्यात पुडे हातोहात गेले. बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. दुसऱ्या आठवड्यात जेमतेम दोन गेले, तिसऱ्यात तेही नाहीत.

"अक्का, दया एकदाच येती, भूक रोज लागती," अण्णा म्हणाले. "लोकांनी दान केलं, मोकळे झाले. भाकरी कशी लागली म्हणून एका गिऱ्हाइकाला इचारलं, तर म्हणाली, गाईला घातली. शनिवारपर्यंत बघतो, मग फळी रिकामी करा."

फळी गेली की उद्योग गेला. चौघींतली थोरली बसव्वा, तिनं तर बोचकं बांधायला घेतलंच होतं. ऊसतोडीची टोळी सोमवारी सकाळी श्रीपूरला निघायची होती, आणि तिच्याबरोबर बसव्वा गेली की बाकीच्या तिघी मागोमाग जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बाई शेडमध्ये आल्या आणि सगळं सांगून बसल्या. बसव्वानं विचारलं, "कागदावर काय लिवलंय म्हणायचं?"

चौघींना वाचता येत नव्हतं आणि बाईंनी तो कागद त्यांना कधी वाचून दाखवला नव्हता. शिकल्यासवरल्या माणसांची ही खोड जुनीच. ज्यांच्याविषयी लिहायचं, त्यांना विचारायचं तेवढं राहून जातं. बाईंनी आता वाचला. वाचताना त्यांचाच आवाज खाली गेला.

"निराधार म्हंजे?" बसव्वानं विचारलं.

"ज्याला कुणी नाही तो."

बसव्वा परातीतलं पीठ बाजूला सारून म्हणाली, "बाई, आमच्याकडं लगीन ठरलं की आधी मला सांगावा यायचा, मग भटजीला. माझी भाकरी म्हैनाभर ऱ्हाती. मोडली की कट्ट वाजती, पल्याडच्या घरात ऐकू जाती. ह्ये तुमी लिवलंच न्हाय. लिवलं काय, तर मला कुणी न्हाय."

बाईंना भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण त्या हट्टी होत्या तशा सरळही होत्या. त्यांनी तिथंच कागद फाडला. "मग आता तूच सांग, काय लिहू?"

"माझं नाव लिवा."

चौघींतल्या नागव्वानं मान हलवली. "कागुद फेकत्यात, बाई. रस्त्यावर पडल्यावर आमच्या नावावर पाय देऊन जात्याल लोक. त्ये न्हाय चालायचं."

तिसरी सुंदरम्मा चुलीपुढून वळलीही नाही, तिथनंच म्हणाली, "मग फडक्यावर लिवा की. भाकरी फडक्यातच ठिवत्यात. फडकं कोण फेकतंय?"

शेजारचा कासीम कापडगिरणीत ताग्यांवर शिक्के मारायचा. धुतली तरी जाणार नाही अशी शाई त्यानं आणून दिली. मांजरपाटाच्या पिशव्या शिवल्या आणि बाईंनी ज्या पिशवीत जिच्या भाकऱ्या, तिचं नाव त्या पिशवीवर घातलं. पहिलीवर लिहिलं : 'बसव्वाची कडक भाकरी. महिनाभर टिकते. मोडून बघा, वाजली नाही तर परत करा.'

शनिवारी काशम्माबाईंबरोबर बसव्वा स्वतः दुकानात आली. अण्णांनी एक भाकरी काढून मोडली. कट्ट. लुगडं निवडत असलेल्या दोन बाया वळून बघायला लागल्या. करमाळ्याहून मुलीच्या बस्त्यासाठी आलेले एक पागोटेवाले म्हातारे पुढे झाले, तुकडा तोंडात टाकून सावकाश चावला आणि पिशवी डोळ्यांजवळ नेऊन एकेक अक्षर वाचलं.

"बसव्वा कोण?"

सवयीनं काशम्माबाईंनी तोंड उघडलं. पण बसव्वा पदर सावरून त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली होती.

"मीच की."

"बसव्वाबाई," म्हातारे म्हणाले, "घरात लगीन हाय. पावण्यांच्या शिदोरीला शंभर भाकऱ्या लागत्याल. तुमच्याच हातच्या."

असं नाव घेऊन, पुढे बाई लावून, परक्या माणसानं तिला कधी हाक मारली नव्हती. काशम्माबाईंचा ऊर भरून आला, आणि त्यात त्यांचा स्वतःचा वाटा काही नव्हता, हे कळूनच तो जास्त भरला.

बसव्वानं बोटांवर हिशेब केला. चांगलं वाळायला दोन दिवस तरी हवेत.

"सोमवारी सकाळी या," ती म्हणाली. "मी हितंच हाय."