माळ्यावरचं खोकं

ओळखलंत का? मी न्हाणीघरातला आरसा बोलतोय. भोवती दिव्याची कडी, भिंतीतून निघालेला लांब हात आणि दहापट मोठं दाखवायची खोड. जरा लांबूनच बघा, जवळ आलात तर स्वतःच्याच नाकाला घाबराल.

मला निवडलं ते एका भुवईपायी. आमच्या बाई एका कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसतात. पेन्सिलीनं भुवई रेखायला बसल्या, की चष्मा लावला तर ती झाकली जाते, काढला तर दिसतच नाही. मग यजमान दारात उभे राहून सांगायचे, "वर... अजून वर... बास!" तोवर डावी भुवई कपाळात चढलेली.

दुकानात नणंद म्हणाली, "वहिनी, पाचपटीचा घे गं. ह्यात भुवई नाही, जंगल दिसेल!"

"दिसू दे. तुझ्या भावाच्या भरवशावर चेहरा किती दिवस सोडू?"

दुकानदार हसला. "नाही पटला तर बदलून देऊ. खोकं तेवढं जपा."

त्या खोक्यानं माझी झोप उडवली. दारासमोरच्या माळ्यावर ते तोंड वासून बसलेलं. घरात कुणी स्टूल सरकवलं, की माझी मान करकरायची.

भुवया मात्र मी अशा जुळवून दिल्या, की वरून मुंगी चालली तरी तिचा तोल जाऊ नये. आणि तिथंच घात झाला! बाई संध्याकाळी चपला भिरकावत आल्या. "लोक टेबल काय आपटतात, आवाज काय चढवतात! आजवर तर नुसतं माझ्याकडं बघून तक्रार मागं घ्यायचे."

यजमान हळूच म्हणाले, "अगं, ती माझी भुवई होती. तिच्यापुढं खोटं बोलायची कुणाची टाप?"

खरंच होतं ते. शपथेवर सांगतो, त्या भुवईपुढं एकानं स्वतःविरुद्धच तक्रार नोंदवली होती.

बाईंनी स्टूल ओढलं. खोकं खाली आलं. माझा दिवा लुकलुकायला लागला.

मला उतरवायला हात पुढं केला आणि त्या थबकल्या. नाक माझ्याशी भिडवलं, पेन्सिल उचलली आणि डावी भुवई, अगदी केसाकेसानं, पुन्हा कपाळात चढवली. ह्या खेपेला दारातून कुणी ओरडत नव्हतं.

"आता बघतेच एकेकाला!" खोकं त्यांनी यजमानांच्या हातात कोंबलं. "हे रद्दीत टाका. आणि उद्यापासून दारात उभं राहायचं नाही."

खोकं गेलं, धाकधूक गेली नाही. उद्या ही भुवई चालेनाशी झाली तर? म्हणून हात जोडतो, एकच हात आहे तरी. कधी त्या खिडकीशी गेलात, तर भुवई बघून जरा दचका. माझी भिंत तेवढ्यावर टिकून आहे.