तान्ह्या पोळ्याला मी झोपलो

मी साकोलीच्या बसस्थानकासमोरचा, ऑनलाइन फॉर्मच्या दुकानातला एक जुना संगणक आहे. मित्रांनो, भर दिवसा माझ्या तोंडावर पाणी मारण्यात आलं. त्यातून मी अजून सावरलेलो नाही.

माझा जन्म नागपूरचा. दुकानाचे मालक भैय्याजी मला मांडीवर घेऊन एसटीनं इथे आले. कंडक्टरनं माझं अर्धं तिकीट फाडलं. पुढे आठ वर्षं मी दाखले काढले, फॉर्म भरले. 'भैय्याजीचा कंप्युटर कधी झोपत नाही,' असं लोक कौतुकानं म्हणत. खरं तर भैय्याजींनीच सेटिंगमध्ये माझी झोप 'कधीच नाही' अशी करून ठेवली होती.

मग पोळा आला. "बैलाले आज सुट्टी, तर याले काहून नाही?" म्हणत भैय्याजींनी मॉनिटरला घुंगरू बांधले, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि मला बंद केलं. तेवढ्यात, कित्येक दिवस दाराशी ताटकळलेलं अपडेट आत शिरलं. 'कधीच नाही' पुसून तिथे 'दहा मिनिटं' करून गेलं. मला विचारलंसुद्धा नाही!

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. रस्त्यावर पोरं लाकडी बैल ओढत होती. आत रुचिता बसली होती. तिच्या नर्सिंगच्या फॉर्मची शेवटची तारीख, तीही पाचपर्यंतच. आमच्या नेटवर कागदपत्रं चढायला बारा मिनिटं लागतात. त्यात दुकानाचा नियम असा, की अपलोड चालू असताना माउसला कोणी हात लावायचा नाही. लावला की नेट बिथरतं. सगळे हात जोडून बसले. दहाव्या मिनिटाला मी झोपलो.

"अबे! काल पोळी खाल्ली अन् आज पसरला?" भैय्याजी हादरले. मीही हादरलो. बटण दाबून मला उठवलं, फॉर्म पहिल्यापासून भरला. दहाव्या मिनिटाला पुन्हा अंधार. साडेचार वाजले.

"मागच्या सालीबी माहा फॉर्म असाच हुकला," रुचिता घड्याळाकडे बघत म्हणाली.

दाखल्यासाठी आलेल्या कुंताबाई तांब्या घेऊन उठल्या. "तोंडावर पानी मारा त्याच्या. आमच्या बुढ्याले मी असीच उठवतो."

आणि मित्रांनो, त्यांनी मारलं.

रुचितानं घाईनं ओढणीनं मला पुसलं. पुसताना तिचं कोपर माउसला लागलं आणि मी जागा झालो.

"पाय बरं, उठला का नाही!" कुंताबाई म्हणाल्या.

रुचिता मात्र माउसकडे बघत राहिली. "भैय्याजी, आपण हातच लावत नाही म्हणून झोपते हा. काल अपडेट झालं का?"

"हात नको लावू, पोरी!"

"लावतो." तिनं सेटिंग उघडलं, 'दहा मिनिटं' वाचलं आणि पुन्हा 'कधीच नाही' केलं. पाचला तीन मिनिटं कमी असताना फॉर्म गेला.

आता माझ्या कपाळावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: 'अपडेट झालं की आधी झोप तपासा.' त्यानंतर तीन अपडेट आली, तिन्ही वेळा सेटिंग पुन्हा बदललं. चिठ्ठीनं तिन्ही वेळा वाचवलं.

मित्रांनो, यंत्र रुसलं तर त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा आत डोकावून बघा. कृपा करून लवकर बघा. कुंताबाईंचा दुसरा दाखला अजून निघायचा आहे, त्या समोरच्याच बाकावर बसल्या आहेत, आणि तांब्या भरलेला आहे.