पांढऱ्याचा सोस

पानाची कड आज आणखी तपकिरी झाली होती... कालपर्यंत नखाएवढी होती, आज पार देठाकडे निघालेली... आणि ताई हातातला पाण्याचा फवारा तसाच धरून कपाटापाशी उभी राहिली. कपाटावरून खाली लोंबणारा मनीप्लांट एके काळी हिरवागार होता, अंगावर थोडे पांढरे शिंतोडे. आता जवळजवळ पांढराफेक. दिसायला देखणा, आणि दिवसागणिक सुकत चाललेला.

हे तिनेच करून ठेवलं होतं, धाकट्या बहिणीमुळे. म्हणजे धाकटीचा बिचारीचा यात काय दोष... पण धाकटीमुळेच! इथूनच ओल्या रुमालात गुंडाळून नेलेल्या फांदीचा वेल तिने मागे फोनवर दाखवला, आणि आई, जिला समोरच्या घड्याळाचे काटे दिसत नाहीत ती आई, फोन पार नाकाशी नेऊन म्हणाली, "अगंबाई, किती पांढरा गं! चिमणे, तुझा हात लागला की काहीही खुलतं." आणि रोज पाणी घालणारा हात? तो तेव्हा आईसमोर फोन धरून उभा होता. ताईच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिने कात्री काढली. हिरवं पान दिसलं की छाट, हिरवा कोंब दिसला की उडव.

धाकटी बोलायला लागली तेव्हापासून आईसुद्धा तिला ताईच म्हणायची. तिचं नाव कुणी घेईनासं झालं; आणि धाकटी मात्र या वयातही चिमणी.

दातांच्या लॅबमध्येही ती ताईच. पांढऱ्याच्या बाबतीत तिला कुणी शिकवू नये... पिवळट पांढरा, करडा पांढरा, चहाबाजाचा पांढरा. खोटा दात खऱ्यांत असा मिसळायला हवा की कुणाला पत्ता लागता कामा नये. कौतुक व्हायचं ते हसणाऱ्याचं. आज कुणाच्या तरी पुढच्या दातावर ब्रशने थर चढवताना तिने शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वेलाचं सांगितलं. त्यांची गॅलरी झाडांनी भरलेली.

"अहो ताई, हिरवं सगळं छाटलंत?" बाई हातातलं काम ठेवून हसायलाच लागल्या. "हिरवंच तर कमावतं. पांढरं नुसतं बसून खातं. आता त्या वेलाने खायचं काय?"

ताईही हसली. मग हसू गिळून तिने पुन्हा ब्रश उचलला. बसून खातं... आणि वर फोनवर मिरवतं. मनात आलेल्या या वाक्याची तिला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

संध्याकाळी आईच्या डोळ्यांत औषध घालायला ती खोलीत गेली, तेव्हा पडद्यामागे काचेचा ग्लास दिसला. त्यात हिरव्या फांद्या. तिनेच छाटून केराच्या डब्यात टाकलेल्या. पाण्यात मुळांचा झुबका सुटलेला.

"हे कुणी ठेवलं?"

"मीच. टाकवेना गं. मुळं फुटलीत ना? बोटाला लागतात."

चाचपडत केरात हात घातला असेल हिने... म्हणजे हिला दिसतं. हिरवंही दिसतं! इतकी वर्षं मी उगाचच जळत राहिले की काय?

"पाणी बदलतेस का याचं?"

"छे. याचं काही करावं लागत नाही," आई कौतुकाने म्हणाली. "तो तुझा पांढरा नाजूक, त्याला जपायला हवं. हे हिरवं कुठेही जगतं. लक्षसुद्धा द्यावं लागत नाही."

ताईने औषधाची बाटली बाजूला ठेवली. ग्लासातलं पाणी तळाशी गेलं होतं, वरची मुळं उघडी पडलेली.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा चेहरा उजळला. "चिमणीच असणार. धर गं ताई समोर."

ताईने ग्लास उचलला.

"हिरव्यालाही लागतं, आई."

"काय लागतं?"

फोन वाजतच होता. आई आवाजाच्या दिशेने मान वळवून बसलेली. नवल म्हणजे त्या क्षणी ताईला धाकटीचा राग येत नव्हता, तिची आठवणही नव्हती. आईने मान इकडे वळवावी आणि पुन्हा एकदा विचारावं, काय लागतं म्हणून... एवढंच तिला हवं होतं.