गाळलेलं दीड पान

दीड पान तिने गाळलं होतं, आणि तिचे सासरे आत्ता नेमके तिथेच येऊन पोचत होते.

सासरे म्हणजे चर्चचे निवृत्त पाळक. मंडळीत त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना 'पूर्णविराम' म्हणत. कुणी शास्त्रपाठ वाचताना पूर्णविरामाशी न थांबता पुढे गेलं, की म्हातारबुवा मिटलेले डोळे उघडून असे बघायचे, की वाचणाऱ्याची बोबडी वळावी. असल्या माणसाला निवृत्तीनंतर काम मिळालं तेही अगदी मापाचं. ख्रिस्ती धर्मशास्त्राचे जुने जुने ग्रंथ, जे एरवी कपाटात धूळ खात पडायचे, ते या घरातून ऑडिओबुक होऊन बाहेर पडत होते. सून वाचायची, मुलगा रेकॉर्ड करून साफसूफ करायचा, आणि सासरे कानाला हेडफोन लावून, पुढ्यात पुस्तक उघडून शब्दाला शब्द ताडून बघायचे. ऐकणारे कोण? नजर अधू झालेली म्हातारी माणसं, रात्रपाळीच्या नर्स, लांब पल्ल्याचे ट्रकवाले. एकाने तर कळवलं होतं, 'ताई, देवाच्या कृपेचं प्रकरण ऐकता ऐकता माझं वळणच हुकलं, भलत्याच गावाला गेलो, पण मजा आली!' तिला हे काम मनापासून आवडायचं. म्हणजे, परवापर्यंत आवडायचं.

परवा ते प्रकरण आलं. ग्रंथकर्ता कित्येक शतकांपूर्वीचा, अफाट बुद्धीचा. त्याने अगदी थंड डोक्याने मांडलं होतं, की बाप्तिस्मा न होता गेलेल्या तान्ह्या बाळांना देवाचं मुख कधीच दिसणार नाही. आणि पुढे दीड पान नुसती त्याची कारणं.

तिची लेक बाप्तिस्म्याविनाच गेली होती. घरात तिला चिमणी म्हणायचे. खरं नाव बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवायचं म्हणून राहिलं ते राहिलंच. बाळ किरकिर करायला लागलं तेव्हा ती सासऱ्यांना म्हणालीही होती, 'बाबा, आजच करून घेऊ या का?' त्यावर ते म्हणाले, 'अगं, घाईघाईने कशाला? रविवारी सगळ्या मंडळीसमोर थाटात करू.' चिमणी शनिवारी गेली. त्यावर घरात आजतागायत कुणी चकार शब्द काढला नव्हता. आपल्या लेकीबद्दल हा माणूस मनात काय धरून बसलाय, हे तिला कळत नव्हतं, आणि विचारायची छाती होत नव्हती. तोही त्या ग्रंथकर्त्यासारखंच मानत असेल तर? मग एका छपराखाली राहायचं कसं?

म्हणून परवा तिने वाचता वाचता वाक्य संपवलं, श्वास घेतला, आणि बिनदिक्कत पुढच्या परिच्छेदावर उडी मारली. सांधा इतका बेमालूम जमला, की नवऱ्याच्याही लक्षात आलं नाही.

आता ती ओट्याशी उभी राहून धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होती. सगळा जीव कानात. बाहेरच्या खोलीत पान उलटल्याचा आवाज आला. मग तेच पान मागे उलटलं. मग पुन्हा पुढे. झालं! हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ हाक.

"सूनबाई!"

ती ओल्या हातानेच बाहेर गेली.

"इथे काहीतरी राहिलंय," सासरे म्हणाले.

"राहिलं नाही, बाबा. मी सोडलं."

आवाज ऐकून नवरा आतल्या खोलीतून आला, गळ्यात वायर तशीच. त्याने वडलांच्या खांद्यावरून पान वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. "बाबा, जाऊ द्या ना," तो म्हणाला. "एवढ्या जाड पुस्तकातलं दीड पान! कुणाला पत्ता लागणार आहे?"

"मला लागला की." सासऱ्यांनी पानावर बोट टेकवलं. "त्याने लिहिलंय ते आपण पोचवायचं. आपल्याला सोसेल तेवढंच पोचवायचं असेल, तर हा उद्योग बंद करा. आज आपण हे गाळू, उद्या आणखी कुणी कृपाच गाळून टाकील."

तिचं डोकं असं सणकलं, की इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "पोचवायचं राहू दे, बाबा! तुम्हाला हे पटतं का, ते सांगा. माझी चिमणी कुठे आहे? तुम्ही इतकी वर्षं लोकांना सांगत आलात ना कोण कुठे जातं ते? मग मलाही सांगा!"

सासऱ्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. पुसायला लागावं असं त्यावर काही नव्हतं.

"पुस्तकातलं सोडायचं नाही," ते एवढंच बोलले.

"मग दुसरं कुणी बघा! माझ्या तोंडून हे निघणार नाही. मेले तरी नाही."

"तू नको वाचूस. मी वाचतो."

पुस्तक उचलून ते उठलेच. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे मुळात अडगळीची खोली, भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या. आत शिरून त्यांनी दार ओढून घेतलं. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो दाराबाहेरच्या रेकॉर्डिंगच्या मशीनशी जाऊन बसला. वाचणाऱ्याने स्वतःचं वाचन तपासायचं नाही, हा सासऱ्यांचाच कडक नियम. तपासायला आता तीच उरली होती. तिने दुसरी प्रत काढली, हेडफोन कानाला लावला, आणि ते पान उघडलं.

म्हाताऱ्याचा आवाज खरखरीत होता, पण ठाम. ती बोटाने ओळ धरून चालली होती. पहिलं कारण झालं. दुसरं झालं. कुठेतरी अडखळा हो, एखादा शब्द तरी खा, असं तिला ओरडावंसं वाटत होतं. पण छे! वकील कोर्टात बाजू मांडतो तसं चाललं होतं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. हे काळीज म्हणायचं का दगड? तिला रडू फुटलं, तेही संतापाचंच. उद्याच माहेरी निघून जायचं, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं.

शेवटचं वाक्य संपलं. आता खुर्ची सरकेल म्हणून ती थांबली. खुर्ची सरकली नाही. हेडफोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता, जड, तुटक. मग त्याच आवाजात, त्याच संथ चालीवर सासरे पुढे बोलले.

"हे लिहिणाऱ्याने नात मातीत ठेवलेली नव्हती. मी ठेवलीय. प्रभू, तिला तुझं मुख दिसत नसेल, तर मलाही ते बघायचं नाही. ती असेल तिथे मला पाठव."

मशीनशी बसलेल्या नवऱ्याने मान वळवली. त्याने विचारलं, "हे... हे आहे का गं पुस्तकात?"

तिने पानाकडे पाहिलं. ती शेवटची ओळ आणि पुढचा परिच्छेद यांच्यामध्ये कागद कोरा होता.

"आहे," ती म्हणाली. "आणि खबरदार, त्यातला एक शब्द कापलास तर!"