पोटावर अक्षरे असलेली धोंड

मी एक जुनी धोंड आहे, मित्रांनो. अंगावर शेंदूर दिसला म्हणून लगेच हात जोडू नका. आधी ऐका.

शहाडजवळ उल्हास नदीच्या पात्रात मी गोल झाले. येऱ्यागबाळ्याला हलणार नाही, याचा मला तोरा होता. हरिहर मास्तरांनी मला बैलगाडीतून ठाण्याच्या खाडीकाठी, मिठागरात राबणाऱ्यांच्या वस्तीत आणले. मिठाने तिथल्या माणसांचे पाय फाटलेले आणि संध्याकाळ ताडीत बुडालेली. मास्तरांनी कुडाची तालीम बांधली. आधी पाटी, मग लंगोट, असा त्यांचा दंडक.

पाथरवटाकडून त्यांनी माझ्या पोटावर काही अक्षरे कोरून घेतली आणि मला पालथे ठेवले. पहारीने उलथायचे नाही. अंगच्या जोराने मांडीवर घ्यायचे, वाचायचे आणि फक्त मास्तरांच्या कानात सांगायचे. जोर असलेल्यांना वाचता येईना, वाचणाऱ्यांना मी हलेना.

वस्तीतला धाकू मला सहज उचलायचा. त्याची आई रखमाबाई मिठाची टोपली घेऊन जाता जाता म्हणायची, “उचललीस? आता वाच की.”

“आये, अक्षरं डोळ्यापुढं नाचतात गं.”

“एवढी धोंड पेलतोस, अक्षरं तेवढी जड होय रे?”

धाकूने ताडी सोडली आणि पाटी धरली. पुढच्या नागपंचमीला त्याने मला मांडीवर घेतले, ओठ हलवले आणि तो मास्तरांच्या कानाला लागला. मास्तरांनी उपरण्याने डोळे पुसले.

“काय रे लिवलंय?” रखमाबाईने विचारले.

“मास्तरांना विचारून सांगतो.”

“मोठा आला विचारून सांगणारा,” ती म्हणाली. पण त्या दिवशी टोपली तिने मिरवत नेली.

त्याच वर्षी थंडीत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. आधी मास्तर गेले. त्यांना खांदा देणारा धाकू मागोमाग गेला. साथ पसरू नये म्हणून तालीम सरकारी माणसांनी जाळली. उरलेल्यांनी भिऊन मला शेंदूर फासला, चुन्यात पक्के बसवले आणि माझी देवी केली. माझा मान वाढला, पण पोट मातीत गेले.

रखमाबाई पहार घेऊन आली, तेव्हा पोपट नावाचा वस्तीतला म्हातारा आडवा आला. “देवीला उलथतेस? सगळ्यांना मारशील.”

“देवी कसली? माझ्या पोराची धोंड आहे ती. काय वाचून गेला तेवढं बघू दे.”

“बघून तुला कळणार काय गं?”

ती पहार टाकून निघून गेली.

आताही ती येते. नारळ नाही, फूल नाही. माझ्यावर हात ठेवून बसते.

मित्रांनो, पोटावरचे ते मलाही वाचता येत नाही. मला पूजा नको. कोणीतरी जोर कमवा, अक्षर कमवा आणि हा चुना फोडा. मला मांडीवर घ्या. कानात सांगायचा दंडक या वेळी मोडा, मोठ्याने वाचा. आणि जरा लवकर या. रखमाबाईला आताशा कमी ऐकू येते.