मुकुलची कॉमेंट

शर्वाणीने कोडची फाईल उघडली की तिच्यात कॉमेंट, म्हणजे संगणक वगळतो ती माणसांसाठीची टीप, लिहिणारा माणूस दिवाणखान्यात येऊन बसायचा. प्रकल्प सगळ्यांसाठी खुला, त्यामुळे माणसंही जगभरची. कुणी पाय पसरून, कुणी खिडकीत, कुणी शिव्या घालत. हा पसारा आवरायचं तिनेच अंगावर घेतलं होतं, नियमही तिचेच. एकच वाक्य. विनोद नको, 'मी' नको, शेवटी पूर्णविराम.

एकेकाची कॉमेंट नियमात बसवून ती त्याला नीट करायची. नीट झालेला माणूस पांढऱ्या शर्टात, हात गुडघ्यांवर ठेवून आपलं वाक्य म्हणायचा आणि निघून जायचा. कोण कुठला, काही कळायचं नाही. पण दिसायचं छान, खोटं कशाला बोला!

कॉमेंट नियमात बसतात का ते तपासणारा प्रोग्राम दारातच उभा असायचा, चपला न काढता. "एक राहिलाय," तो म्हणाला.

राहिला होता मुकुल, तिचा धाकटा भाऊ. तो जाऊन वर्ष झालं होतं. पण त्याची फाईल उघडली की आरामखुर्चीत रेलून आधी आपली कॉमेंट म्हणायचा, "हे का चालतं देव जाणे. हात लावू नका, ताई ओरडेल." मग आईशी गप्पा मारत बसायचा. त्या गप्पांवरच तर आई दोन घास जेवायची.

"तो माझा भाऊ आहे."

"शैली जुळत नाही. आता मीच नीट करतो."

मुकुल आणि पांढरा शर्ट? अहो, गेला तेव्हाही त्याने तो घातला नव्हता. एखादी ओळ तपासणीतून वगळायची असली की प्रोग्रामर तिच्या डोक्यावर एक खूण ठेवतात. शर्वाणीने तीच एका चिठ्ठीवर लिहिली, 'पुढच्या ओळीकडे दुर्लक्ष करावं', आणि चिठ्ठी मुकुलच्या कपाळावर चिकटवली.

"वाचलास, मेल्या," ती म्हणाली.

प्रोग्रामने खोलीभर नजर फिरवली. मुकुलच्या खुर्चीवरून ती नजर न थांबता घसरून गेली. "सगळं जुळतंय," म्हणून तो जिना उतरला.

शर्वाणीला इतकं हायसं वाटलं की तिने आलं ठेचून चहा टाकला. कप घेऊन बाहेर आली आणि खोलीच्या मधोमध थबकली.

आई मागून आली. "कुणाला गं हा चहा?"

शर्वाणी कपाकडे बघत राहिली. काही केल्या आठवेना. "कुणास ठाऊक. उगाच केला."

"मग आण इकडे," म्हणत आई आरामखुर्चीत टेकली, थेट मुकुलच्या मांडीवर, आणि फुंकर घालून चहा पिऊ लागली.

"ताई," तिच्या पाठीमागून मुकुल हाका मारत होता, "ए ताई, काढ ना ती चिठ्ठी."