चावून दिलेला घास

हेमाली ‘नको’ म्हणाली. तिच्या आईच्या, वेणूच्या बोटांत चावून मऊ केलेला घास तसाच राहिला. मांडीवरची नात, बारकी, तोंड उघडून वाट पाहत होती.

हेमालीने लेकीला उचलून घेतलं. डहाणूच्या या पडवीत तिला तिचं बालपण भेटायचं ते याच घासातून: भात, भाजलेला सुका बोंबील आणि आईच्या तोंडाची ऊब. काटा राहू नये म्हणून वेणू आधी स्वतः चावायची. त्या घासाची गोडी पुढे तलासरीच्या सासरी कुठल्याच ताटात सापडली नाही.

“तुला असंच भरवलं गो. मेलीस काय?”

“मेले नाही. पण पोटात व्रण आहेत, आई. दुर्बीण घालून बघितलं.”

“चहाने झाले असतील. उपाशीपोटी ढोसत असतेस.”

हेमालीने डॉक्टरांचं बोलणं जमेल तसं सांगितलं. जठराच्या अस्तरावर चिकट थर असतो. म्हणून अन्न जिरवणारं आम्ल जठराला जाळत नाही. एक जंतू त्या थरात शिरतो, आपल्याभोवतीच्या आम्लाची धार बोथट करून तिथेच घर करतो. अस्तर सुजतं, थर विरत जातो, आणि मग तेच आम्ल उघड्या पडलेल्या अस्तराला कुरतडत राहतं. वर्षानुवर्षं, बिनबोभाट. आणि हा जंतू येतो बहुधा लहानपणी, घरातल्याच कुणाच्या तोंडातून.

“माझ्या तोंडातून, असंच ना?”

“नक्की कोण सांगणार? पाण्यातूनही येतो. पण तुझ्याही पोटात जळजळतं. ओवा चघळून दाबतेस, मला माहीत नाही का?”

“तुझ्या आजीने मला भरवलं, मी तुला. तेव्हा गोड लागायचं तुला.”

“अजून लागतं,” हेमाली हळूच म्हणाली. तेवढं एक वाक्य बोलताना तिचा निश्चय डळमळला.

सोमवारी तलासरीत ती शिकवत असलेली शाळा उघडणार होती, आणि बारकी इथेच आजीपाशी राहणार होती. दारामागे काय भरवलं जाईल, हे तिला तिथून दिसणार नव्हतं.

“तू तपासून घे, आई. औषधं पूर्ण घेतलीस तर जाईल तो. पण हिला मात्र हातानेच कुस्करून भरव. भरवशील ना?”

वेणूने घास ताटलीत ठेवला, बोटं धुतली, मासळीची रिकामी टोपली कमरेला लावली आणि पायऱ्या उतरून बंदराच्या वाटेला लागली.